अक्काच्या अंगातलं मामाचं रक्त

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं दवाखान्याच्या भर वॉर्डात ‘तंगी’ म्हटलं, तेव्हा मी तिच्या उशाशी मोसंबं सोलत बसले होते. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आमच्या घरी निम्मं बोलणं मराठीत आणि निम्मं कानडीत चालायचं, त्यामुळं आपल्याला नीट समजलं नसेल अशी स्वतःची समजूत घालायचीही सोय नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही कळलं असावं, कारण ती दुखणं विसरून आ वासून आमच्याकडं बघायला लागली. माझ्या हातातली फोड खाली पडली.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी आमची नाती सांगायला हवीत. अक्काचा नवरा म्हणजे आमचा मामाच. आईचा सख्खा धाकटा भाऊ. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा, आणि आईच्या आईला अज्जी. आमच्या लिंगायत घरांत भाची मामाला द्यायची पद्धत जुनी. पोरगी परक्याच्या घरी जात नाही, आजीच सासू होते, यात वाईट काय, असं सगळे म्हणायचे. कॉलेजात माझी एक मैत्रीण पुण्याकडची होती, तिनं हे ऐकून तोंडावर हात ठेवला होता. मला तेव्हा तिचाच राग आला होता.

लहानपणी अक्का मामाच्या सायकलीच्या दांडीवर बसून ‘मामा, मामा’ करत अख्खं सोलापूर फिरली होती. लग्न झाल्यावर बायकांनी बजावलं, ‘आता मामा म्हणायचं न्हाय.’ तिची जीभ काही दिवस ऐकेना. वाढताना ‘मामा, भाकरी?’ असं तोंडून जायचं आणि सगळं घर हसून लोळायचं. मग हळूहळू ती ‘अहो’ म्हणायला शिकली. मामा तसा बरा माणूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मुकादम होता, मॅट्रिक झालेला होता, पान सोडून कसलं व्यसन नव्हतं. एकच खोड, अज्जीनं रेघ ओढली की हा त्यावरून चालायचा.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी कॉलेजात सायन्सला होते, म्हणजे घरात सगळ्यांत शहाणी मीच, अशी माझी पक्की खात्री होती. चैत्रात अक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. मुलगी झाली, चांगली टणटणीत रडली, आणि आम्ही साखर वाटायच्या गडबडीत असताना नर्स धावत बाहेर आली. अक्काचं रक्त थांबत नव्हतं.

मी दाराच्या फटीतून तिला बघितलं. ओठ कुठं संपतात आणि गाल कुठं सुरू होतात ते समजत नव्हतं, इतकी ती पांढरी पडली होती. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, ‘रक्त लागेल, आत्ताच्या आत्ता. दोन बाटल्या तरी. आमच्याकडं तिच्या गटाची एकच आहे. दुसरी तुमच्यातून कुणीतरी द्या.’

अप्पांनी लगेच सदऱ्याची बाही वर केली. माझे अप्पा पेंडीचे व्यापारी. पोतं उचलायला हमालाची वाट न बघणारा माणूस. ‘माझी पोरगी हाय, माझंच घ्या, लागल तेवढं घ्या,’ असं म्हणत ते प्रयोगशाळेच्या खोलीत शिरलेसुद्धा. आम्ही सगळे मागोमाग गेलो.

तिथल्या माणसानं बोटाला टोचून रक्ताचे थेंब एका पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घेतले. एका थेंबात निळं औषध घातलं, दुसऱ्यात पिवळं, आणि काडीनं ढवळलं. अक्काचा नमुना आधीच तिथं होता. तिच्या निळ्या थेंबाला काही झालं नव्हतं, पिवळा मात्र नासलेल्या दुधासारखा फुटून त्याच्या बारीक बारीक गुठळ्या झाल्या होत्या. अप्पांचं नेमकं उलटं झालं. निळा फुटला, पिवळा तसाच राहिला.

‘तुमचं चालत न्हाय अण्णा,’ तो म्हणाला.

‘चालत न्हाय म्हंजे? बाप हाय मी तिचा.’

‘बाप असाल की. पर तुमचं ए हाय, तिचं बी. दिलं तर पोरगी हातची जाईल.’

अप्पा हात तसाच पुढं धरून उभे राहिले. मी हे पुस्तकात वाचलं होतं. तांबड्या पेशींवर खुणा असतात. कुणाच्या ए, कुणाच्या बी, कुणाच्या दोन्ही, कुणाच्या एकही नाही. आणि जी खूण आपल्या पेशींवर नसते, तिच्यावर आपल्या रक्तातला पातळ भाग आधीपासूनच दात धरून बसलेला असतो. तसलं रक्त आत आलं की तो त्या पेशींना धरून त्यांच्या गुठळ्या करतो, त्यांना फोडतो, आणि मग मूत्रपिंडं बंद पडून माणूस दगावतो. परीक्षेत हे लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. पण अप्पांचं रक्त अक्काला विषासारखं आहे हे मी डोळ्यांनी बघितलं ते त्या फरशीवर.

माझं रक्त तपासलं तर एबी निघालं. दोन्ही थेंब फुटले. म्हणजे मी कुणाचंही घेऊ शकत होते, पण अक्काला थेंबभर देऊ शकत नव्हते. घरातलं धाकटं शेंडेफळ ते शेंडेफळच. अव्वाचं बी होतं, अगदी अक्कासारखं, पण तिच्या पापणीच्या आत बघून तो माणूस म्हणाला, ‘मावशी, तुमालाच एक बाटली लावाया पायजे.’ राहिला मामा. त्याचं बी निघालं. अव्वाचा भाऊ होता तो, तीच तर आशा होती.

एवढ्यावर भागत नाही. गट एक असला तरी देणाऱ्याच्या पेशी आणि घेणारीचा रक्तातला पातळ भाग नळीत एकत्र करून ठेवावा लागतो आणि बघावं लागतं की तिथं काही भांडण होतंय का. तो वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. अव्वा जमिनीवर बसून पंचाक्षरी म्हणत होती. मामा भिंतीला पाठ टेकून उभा होता, सदऱ्याची बाही वर केलेलीच. शेवटी त्या माणसानं नळी उजेडात धरून हलवली, हसला आणि मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘एक लंबर! सख्ख्या भावाभणीचं जुळावं तसं जुळलंय बगा.’

आमच्या घराचं पुढं जे झालं ते त्या एका शाबासकीनं झालं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याला काय ठाऊक, समोर उभा आहे तो नवरा आहे म्हणून. आम्ही सगळे रडून एकमेकांच्या अंगावर पडत होतो, तो आम्हाला भाऊबहीणच समजला असणार.

मामाचं रक्त काचेच्या बाटलीत भरून आलं. ते गोठू नये म्हणून बाटलीत आधीच औषध घातलेलं असतं. बाटली खाटेशेजारी उलटी टांगली, रबरी नळी अक्काच्या हाताला लावली आणि एकेक थेंब पडायला लागला. मी त्या थेंबावरून नजर काढली नाही. पहिली बाटली कुणा अनोळखी माणसाची होती, दुसरी मामाची. दुसरी निम्मी झाली तेव्हा अक्काच्या ओठांवर फिकट गुलाबी रंग आला. मी ओरडले, अव्वा ओरडली, नर्सनं आम्हा दोघींना बाहेर काढलं. जिवंत माणसाच्या अंगात रंग परत येताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि त्या धक्क्यानं मला हसू आवरत नव्हतं.

मामा घरी गेला आणि त्यानं अज्जीला सगळं अभिमानानं सांगितलं. शाबासकीसकट.

दोनतीन दिवसांनी तो वॉर्डात आला तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. एरवी उशाशी बसायचा. अक्काकडं न बघता, लोखंडी दांडा धरून म्हणाला, ‘तंगी, बरं हाय का आता?’

अक्का आधी हसली. तिला थट्टा वाटली. मग तिनं त्याचा चेहरा बघितला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो थट्टा करत नव्हता. अव्वानं विचारलं, ‘आरं, काय बोलतोस तू?’ त्यावर तो म्हणाला, ‘आई म्हणती, आता तसंच म्हणाया पायजे. रक्त एक झालं की आमचं.’ आणि तसाच वळून निघून गेला. बाळाला बघितलंसुद्धा नाही.

अक्काला घरी आणलं त्या दिवशी अज्जी आमच्याकडं आली. सोप्यात मांडी घालून बसली. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोळे रडून लाल. ती दुष्ट नव्हती, हे मला आजही म्हणावं लागतं. तिला खरोखरच पाप वाटत होतं. ‘एका रक्ताची दोघं एका घरात नवराबायको म्हणून कशी ऱ्हातील ग? अय्यो शिवा, मी कुठं तोंड दाखवू? पोरगी तुमच्यातच ऱ्हाऊ दे. खायाला प्यायाला आमी घालू की. पर घरात न्हाय घेता यायचं.’

अक्का आतल्या खोलीत पोरीला पाजत होती. मधे नुसता पडदा होता. तिला सगळं ऐकू जात होतं.

माझं डोकं फिरलं. ‘अज्जी, पहिली बाटली कुणाची होती ते कुणाला माहीत नाही. मग तो माणूसही तिचा भाऊ झाला का?’

‘त्येला आपुन कुटं वळखतो?’ अज्जी म्हणाली.

‘आणि मामा अव्वाचा भाऊ. अक्का अव्वाची मुलगी. रक्त आधीपासूनच एक होतं, म्हणून तर जुळलं! तेव्हा तूच लग्न लावलंस ना?’

‘ते वेगळं. लेक दिली की ती त्या घरची. तिचं कूळ त्यांचं, रक्त बी त्यांचं. तुजी आई माज्या रक्ताची ऱ्हायली न्हाय की.’

हे ती माझ्या आईसमोर, तिच्या डोळ्यांदेखत म्हणाली. अव्वानं लग्नानंतरही दर सोमवारी आपल्या आईला भाजी नेऊन दिली होती. तिला त्या दिवशी कळलं की अक्षता पडल्या त्याच क्षणी आपलं रक्त बदललं म्हणून.

‘मग अक्का अप्पांच्या रक्ताची?’ मी म्हणाले. ‘अप्पांचं रक्त तर तिला विष आहे! मी बघितलंय फरशीवर!’

अप्पांनी मला थोबाडीत मारली. त्याआधी कधी त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता, त्यानंतरही नाही. गाल दुखला त्याहून जास्त मला त्यांच्या तोंडाकडं बघून लागलं. प्रयोगशाळेत हात पुढं धरून उभे राहिलेले अप्पाच पुन्हा समोर होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या आधी खो खो हसल्या, मग मी हसत नाही हे बघून थांबल्या. मी विचारलं, मामाचं रक्त अक्काच्या अंगात किती दिवस राहणार? त्या म्हणाल्या, ‘तांबड्या पेशीचं आयुष्य तीन-चार महिन्यांचं. दिलेल्या पेशी हळूहळू मरतात, शरीर त्या मोडीत काढतं आणि स्वतःच्या नव्या करतं. श्रावण येईपर्यंत त्यातलं काही उरणार नाही.’

मला गगन ठेंगणं झालं. मी उठले तर त्या पुढं म्हणाल्या, ‘एक मात्र खरं. दुसरं कुणी असतं तर मी नवऱ्याचं घेतलं नसतं. गट जुळला तरी रक्तावर आणखी पुष्कळ बारीक खुणा असतात. बायकोचं शरीर कधीकधी नवऱ्याच्या खुणांवर दात धरतं, आणि पुढच्या बाळाला, ज्याच्यात त्या बापाच्या खुणा असतात, त्रास होऊ शकतो. होईलच असं नाही. पण त्या दिवशी ती मरत होती.’ मी पुन्हा खाली बसले. म्हणजे अज्जीच्या वेडेपणाशेजारीच कुठंतरी एक खरी गोष्ट बसली होती, आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हे मी घरी सांगितलं नाही. अज्जीच्या हातात काठी द्यायला मी वेडी नव्हते.

पेशी मरतात एवढंच सांगितलं. मला वाटलं होतं अज्जी उडवून लावेल. ती मात्र टक लावून ऐकत राहिली आणि एकदम सुटल्यासारखी म्हणाली, ‘म्हंजे फिटतं म्हण की!’ आमच्यात सुतक-विटाळ मानत नाहीत, हे हीच अज्जी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायची. तिनं बसल्या जागी रक्ताचं नवं सुतक तयार केलं. श्रावणापर्यंत अक्का माहेरी, मामानं तिकडं फिरकायचं नाही, पेशी सगळ्या मेल्या की आणायला जायचं. वर आणखी एक अट घातली. नागपंचमी होऊन जाऊ द्यायची. पंचमीला बहिणीला आणायला भाऊ जातो, लोक काय म्हणतील?

मला माझा केवढा अभिमान वाटला! सायन्सनं अक्काचा संसार वाचवला, असं मी मैत्रिणींना सांगत सुटले. अक्काला सांगितलं तेव्हा ती पोरीची लंगोटी बदलत होती. तिनं मान वर केली नाही. ‘बरं,’ म्हणाली. ते चार महिने ती तेवढंच बोलायची. जेवतेस का, बरं. झोपतेस का, बरं. बाळ पालथं पडायला लागलं, हसायला लागलं, तरी बापाचा पत्ता नव्हता. कारखान्याला जाताना तो आमच्या गल्लीच्या तोंडावरून सायकल हाणत जायचा, घंटी न वाजवता. अक्का त्या वेळेला नेमकी खिडकीशी असायची. मग तीही तिथं उभी राहीनाशी झाली.

पंचमी झाली आणि मामा आला. नवा सदरा, हातात इरकल लुगड्याची पुडी, बाळाला टोपडं. अप्पा पुढं झाले, अव्वा पाण्याचा तांब्या घेऊन आली. सगळ्यांचे चेहरे फुलले होते. अक्का आतून पोरीला कडेवर घेऊन आली, त्याच्याकडं सरळ बघितलं आणि म्हणाली,

‘या मामा. बसा.’

अव्वाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मामाचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर.

‘असं म्हणू नगं,’ तो कसाबसा म्हणाला.

‘मग काय म्हणू? रक्तावरनंच नातं ठरवायचं तर खरं ठरवा की. तुमचं बाटलीतलं सगळं गेलं म्हणत्यात. त्याच्या आधीचं कुटं गेलं? माज्या आईचं भाऊ तुमी. मामाच.’ मग तिनं पोरगी त्याच्या हातात दिली. ‘ही तेवढी तुमच्या रक्ताची. हिला तरी वळखा आदी.’ पोरगी त्याला ओळखत नव्हती. तिनं घर डोक्यावर घेतलं आणि मामा तिला कशी धरायची ते न कळून उभ्याउभ्याच रडायला लागला.

माझ्या सायन्सनं काय वाचवलं होतं ते मला त्या दिवशी समजलं आणि मैत्रिणींना सांगणं मी बंद केलं.

अक्का गेली त्याच्याबरोबर. जाणार कुठं होती? संसार झाला. पुढची दोन्ही मुलं होताना मी देव पाण्यात ठेवून बसायचे, कशासाठी ते फक्त मला आणि डॉक्टरीणबाईंना ठाऊक. दोन्ही धडधाकट झाली. पण अक्कानं नवऱ्याला ‘अहो’ म्हटलं नाही ते नाहीच. पाहुण्यांत, लग्नकार्यात, कारखान्यातली माणसं घरी आली तरी, ‘मामा, चहा.’ सुरुवातीला लोक चमकायचे, मग हसायचे, मग सवय झाली. अज्जीला मात्र कधी झाली नाही. प्रत्येक वेळी तिच्या कपाळाची विभूती आक्रसायची.

अज्जीनं अंथरूण धरलं तेव्हा तिचं सगळं अक्कानंच केलं. मी भेटायला गेले होते. अक्का तिला चमच्यानं पेज भरवत होती. मधेच तिनं मामाला नॅपकिन आणायला हाक मारली, त्याच शब्दानं. अज्जीनं तिचा हात धरला.

‘आता तरी बास कर की ग. किती वर्सं झाली. मी चुकले म्हण.’

अक्कानं तिचं तोंड पुसलं. आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त धसका बसला. ‘मी कदीच बास केलं असतं अज्जी,’ ती म्हणाली. ‘तंगी म्हटल्यापास्नं त्येनी मला दुसरी कसली हाकच मारली न्हाय की.’

मी आठवून बघितलं. खरं होतं. नाव नाही, ‘अगं’ नाही, ‘ऐकलंस का’ नाही. मामा नॅपकिन घेऊन दारात उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. अक्का त्याच्याकडं बघत थांबली. त्यानं नॅपकिन तिच्या हातात दिला आणि काही न बोलता बाहेर गेला.